भिऊबाई : एका विरळा नावाचा अर्थ

॥ ॐ नमः शिवाय ॥



शनिवारवाडा पाहून झाला की यात्रेकरू मंडळी आमच्या देवस्थानच्या कार्यालयात येतात आणि पेठेतील इतर देवळांची चौकशी करतात. ओंकारेश्वराकडे कसे जावे, अमृतेश्वर कोठे आहे, अशा प्रश्नांची उत्तरे देणे हे प्रस्तुत लेखकाचे गेल्या अनेक वर्षांचे नित्यकर्म आहे. अमृतेश्वराविषयी कोणी विचारले म्हणजे माझे उत्तर ठरलेले असे : "मुठेच्या काठी आहे. थोरल्या बाजीरावांच्या बहिणीने बांधलेले देऊळ." एवढे सांगून मी पुढच्या भाविकाकडे वळत असे. त्या बहिणीला स्वतःचे नाव होते आणि ते मला ठाऊकही होते. परंतु ते उच्चारावे असे मला कधी वाटले नाही. ही माझी चूक एका श्रावणी सोमवारी ध्यानात आली. तिचे अंशतः परिमार्जन व्हावे आणि भाविकांनाही चिंतनास काही विषय मिळावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

त्या सोमवारी गर्दी ओसरल्यावर एक वृद्ध आजीबाई व त्यांची नातसून कार्यालयाच्या बाकावर येऊन टेकल्या. नातसुनेच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. बाळ सव्वा महिन्याचे झाले म्हणून प्रथमच देवदर्शनास आणले होते. घरातील काही अडचणींमुळे बारसे लांबले होते, आणि नाव काय ठेवावे यावरून दोघींचे एकमत होत नव्हते. आजीबाईंच्या सासूबाईंचे नाव भिऊबाई. ते नाव पणतीच्या रूपाने घरात पुन्हा यावे, अशी त्यांची इच्छा होती. नातसुनेच्या मनात आदर होता. पण शंकाही होती. ती मला म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा. शाळेत गेल्यावर हिला सगळ्या मुली भित्री म्हणून चिडवणार नाहीत का? 'भिऊ' म्हणजे भिणारी असाच अर्थ होतो ना?"

मला उत्तर देता आले नाही. "नाव जुने आहे, मोठ्या घराण्यातले आहे. अमृतेश्वराचे देऊळ बांधणाऱ्या पेशवेकन्येचे नाव हेच होते," एवढे मी सांगितले. तिने नम्रपणे ऐकून घेतले, परंतु तिचे समाधान झाले नाही हे तिच्या मुद्रेवर दिसत होते. नाव जुने आहे एवढ्याने ते चांगले ठरत नाही. त्या रात्री मी घरी जाऊन कोश व पोथ्या काढून बसलो.

॥ नामधारिणीचा परिचय ॥

प्रथम ज्या व्यक्तीमुळे हे नाव शनिवार पेठेशी जोडले गेले, तिच्याविषयी थोडे पाहू. श्रीवर्धनकर भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ साली छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपद दिले. बाळाजीपंत व राधाबाई यांना बाजीराव व चिमाजी अप्पा हे पुत्र आणि भिऊबाई व अनुबाई या कन्या होत्या. अनुबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिल्या गेल्या. भिऊबाईंचा विवाह बारामतीच्या जोशी घराण्यातील आबाजी नाईक यांच्याशी झाला.

या कुटुंबाला भय अपरिचित नव्हते. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना कोकणातील वतन सोडून घाटावर यावे लागले. पुढे दमाजी थोरात यांनी बाळाजीपंतांना कुटुंबासह कैदेत टाकले होते. राजकारणाची घडी बसली, १७१९ साली बाळाजीपंत दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बाजीराव पेशवे झाले. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि ज्या वस्तीला पूर्वी मुर्तजाबाद म्हणत ती शनिवार पेठ पेशव्यांच्या राजधानीचा गाभा बनली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७४० या एकाच वर्षात दोन्ही बंधू गेले : बाजीराव एप्रिलमध्ये नर्मदातीरी रावेरखेडी येथे, आणि चिमाजी अप्पा डिसेंबरमध्ये.

चिमाजी अप्पांची समाधी ओंकारेश्वराच्या आवारात आहे. भगिनीने बांधलेले अमृतेश्वराचे देऊळ त्याच पेठेत, त्याच मुठेच्या काठी आहे. बंधूंच्या पराक्रमाच्या कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक झाल्या. भगिनीचे नाव मात्र देवळाच्या माहितीपुरते उरले, आणि माझ्यासारख्यांच्या तोंडी तेही 'बाजीरावांची बहीण' एवढ्यावर आले.

॥ नावाची घडण ॥

आता त्या तरुण मातेच्या प्रश्नाकडे वळू. 'भिऊ' म्हणजे भिणारी काय?

मराठी भाषेच्या घडणीचा एक परिचित नियम येथे उपयोगी पडतो. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'म' मराठीत येताना पुष्कळदा 'व' होतो. ग्राम या शब्दाचे गाव झाले, श्यामल या शब्दाचे सावळा झाले, जामातृ या शब्दाचे जावई झाले. 'नाव' हा शब्दच मुळी 'नाम' या शब्दापासून याच वाटेने आला आहे. त्याच वाटेने भीम या नावाचे भिवा होते. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव भीमराव, त्यांच्या मातोश्रींचे भीमाबाई, आणि बाळपणी घरात त्यांना 'भिवा' म्हणत असत, हे सर्वश्रुत आहे. भीमा नदीलाही आपल्या संतांनी मोठ्या लाडाने 'भिवरा' म्हटले आहे.

पुढची पायरी लाडक्या हाकेची. घरात हाक मारताना अखेरचा 'व' सैल होऊन 'ऊ' होतो. राव याचे राऊ झाले; बाजीरावांना 'राऊ' म्हणत, हे आपण जाणतो. जीव याचे जिऊ झाले. नाना फडणीसांच्या पत्नीचे नाव जिऊबाई होते. भिव याचे भिऊ होणे हे त्याच रीतीला धरून आहे. बंधू राऊ आणि भगिनी भिऊ, ही एकाच घरातील, एकाच साच्याची दोन हाक मारण्याची नावे शोभतात. या रीतीने पाहता भिऊबाई म्हणजे भीमाबाई.

मग भीम या शब्दाचा अर्थ काय? 'भी' म्हणजे भिणे हा धातू त्यात आहे, हे खरे. परंतु भीम म्हणजे भिणारा नव्हे. ज्याच्यापासून इतरांना भय वाटते तो भीम. असे शब्द अपादानाच्या, म्हणजे 'ज्याच्यापासून' या अर्थाने सिद्ध होतात, असे भगवान पाणिनींनी स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा आजच्या कानाला ज्या नावात भित्रेपणा ऐकू येतो, त्या नावाचा मूळ अर्थ त्याच्या नेमका उलट आहे. भिऊ ती नव्हे, जी भिते. भिऊ ती, जिच्यापुढे भय उभे राहत नाही.

॥ देवाचे, देवीचे आणि नदीचे नाव ॥

हे नाव प्रथमतः श्रीशंकराचे आहे. शिवाच्या अष्टमूर्तींची जी आठ नावे सांगितली जातात, त्यांत भीम हे एक आहे. आपण रुद्राभिषेक करतो त्या रुद्राध्यायातही उग्र व भीम या रूपांना नमस्कार केलेला आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी भीमाशंकर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे.

हे नाव देवीचेही आहे. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात जगदंबा देवांना पुढील काळाविषयी आश्वासन देते. मुनिजनांच्या रक्षणासाठी हिमालयात मी भीम रूप धारण करून राक्षसांचा संहार करीन आणि तेव्हा भीमादेवी या नावाने विख्यात होईन, असे ती सांगते. देवीचे ते भयंकर रूप कोणासाठी आहे, हे लक्षात घ्यावे. ते दुर्बळांना भिवविण्यासाठी नसून दुर्बळांचे भय दूर करण्यासाठी आहे.

आणि हे नाव नदीचे आहे. भीमा भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते. अमृतेश्वराजवळून वाहणारी मुठा पुण्यातच संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. भिऊबाईंच्या देवळाजवळचे पाणी अखेर त्यांच्याच नावाच्या नदीतून विठ्ठलाच्या पायाशी जाते. हा योगायोग असेल. भाविकाला मात्र त्यात आनंद वाटल्यावाचून राहत नाही.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मनुस्मृतीत मुलीचे नाव उच्चारास सुखकर व मंगल असावे असे म्हटले आहे, ते ठीकच. परंतु त्याच ग्रंथात नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेल्या, तसेच भयप्रद नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असाही सल्ला आहे. मराठी घरांनी तो सल्ला कधी मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तुळसा, रोहिणी अशी नावे आपल्या आज्या-पणज्यांची होती, आणि भीमाबाईही घरोघरी होत्या. यशवंतराव होळकरांची कन्या भीमाबाई १८१७ सालच्या महिदपूरच्या संग्रामात इंग्रजांविरुद्ध उभी राहिली होती. ज्या नदीचे पाणी पिऊन माणसे जगली, तिचे नाव मुलीला देण्यात त्यांना अमंगळ असे काहीच दिसले नाही. ग्रंथातील विधानापेक्षा हृदयातील कृतज्ञता येथे मोठी ठरली.

॥ नाव देणे म्हणजे काय ॥

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक आहे. शास्त्राप्रमाणे बालकाला देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम व व्यवहारनाम अशी चार नावे दिली जातात. त्यांपैकी पहिली तीन पत्रिकेत राहतात. जन्मभर सोबत करते ते व्यवहारनाम. बाजीरावांचेही मूळ नाव विसाजी होते, पण जगाने त्यांना ओळखले ते हाकेच्या नावाने. मुलगा असो वा मुलगी, जगात आल्यावर तिला मिळणारे पहिले दान म्हणजे तिचे नाव. आई-बाप तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे त्या एका शब्दात साठलेले असते.

हे दान कसे नासते, त्याचेही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. मुलाची वाट पाहत असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशी' म्हणजे नको असलेली, असे ठेवण्याची रीत काही ठिकाणी होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. ज्या मुलीला दररोज शाळेच्या हजेरीत 'नको असलेली' म्हणून हाक ऐकावी लागली, तिच्या मनाचे काय होत असेल! त्या मुलींची नावे बदलली हे योग्यच झाले. जे नाव मुलीचा जन्मच नाकारते, त्याचा कितीही खोल शोध घेतला तरी आत मान सापडत नाही.

भिऊ हे नाव त्या जातीचे नाही. ते वरून हलके वाटते, आत मात्र शिवाचे आणि शक्तीचे नाव आहे. म्हणून कोणतेही जुने नाव टाकण्यापूर्वी किंवा त्याला हसण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे. काही नावांत अपमान निघेल, ती टाकावीत. काहींत आपल्या पूर्वजांनी ठेवलेली पुंजी निघेल, ती जपावी.

॥ भय आणि अभय ॥

आता भाविकांनी मुख्य गोष्टीकडे लक्ष द्यावे. देवळात आपण येतो ते बहुधा कोणते ना कोणते भय घेऊनच येतो. कोणाला आजाराचे, कोणाला मुलाच्या परीक्षेचे, कोणाला कर्जाचे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी जो एकटा होता तोही भ्याला, असे म्हटले आहे. मग त्याने विचार केला की माझ्यावाचून दुसरे काहीच नाही, तर मी भ्यावे कोणाला? आणि त्याचे भय गेले. याच उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला सांगतात की तू अभयाला पोहोचला आहेस. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत अभय सर्वांत आधी आले आहे. विष्णुसहस्रनामात तर भय उत्पन्न करणारा आणि भयाचा नाश करणारा ही भगवंताची दोन नावे एकमेकांना लागून येतात. ज्याचे भय, त्याचेच अभय. अक्कलकोटच्या स्वामी महाराजांनी भक्तांना दिलेले अभयवचन आज असंख्य घरांच्या भिंतींवर आहे, तेही याच परंपरेतले.

सर्व भयांचे मूळ मृत्यूचे भय. समुद्रमंथनातून प्रथम हालाहल निघाले, तेव्हा देव आणि दैत्य दोघेही भयभीत झाले. महादेवांनी ते विष कंठात धारण केले, आणि त्यानंतरच अमृत निघाले. विष पचविणारा नसता, तर अमृतापर्यंत कोणी पोहोचले नसते. म्हणून भीमशंकर आणि अमृतेश्वर ही एकाच देवाची दोन नावे आहेत. भिऊबाईंनी देऊळ बांधले आणि त्यातील देव अमृतेश्वर म्हणून पूजिला गेला. भयाची आठवण देणारे नाव धारण करणाऱ्या स्त्रीने मृत्यूपलीकडच्या देवाला आपल्या पेठेत घर दिले, याहून त्या नावाचे सार्थक ते कोणते?

याच उपनिषदात याज्ञवल्क्य गृहत्याग करताना मैत्रेयीला संपत्तीचा वाटा देऊ लागतात. ती विचारते की या धनाने मी अमर होईन काय? ऋषी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. तेव्हा जे मला अमृतत्व देत नाही ते घेऊन मी काय करू, असे ती म्हणते. पेशव्यांच्या कन्येजवळ व सावकारी घराण्याच्या सुनेजवळ धन होते. धनाने अमृतत्व मिळत नाही; परंतु ते देवाच्या व लोकांच्या कारणी लावले, तर देणाऱ्याचे नाव निदान कृतज्ञ मुखात राहते. ते तेथे ठेवण्याचे काम मात्र आपले आहे.

॥ आजीबाईंचे शब्द ॥

त्या सोमवारी बाकावरून उठण्यापूर्वी आजीबाईंनी जे सांगितले, ते या सर्व ग्रंथवचनांहून मला अधिक उपयोगी पडले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा त्या याच भागात नव्याने सून म्हणून आल्या होत्या. नातसुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "अगं, पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा सासूबाईंनी डबे घेतले नाहीत की दागिने घेतले नाहीत. देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, तुम्ही तुमचं बघा, मी पोरं काढते. आमची आणि शेजारची, सगळी पोरं एकमेकांचे हात धरायला लावून उंचावर नेली. घाबरल्या होत्या हो! हात थरथरत होता त्यांचा, मीच धरला होता ना. पण मागे नाही वळल्या."

भाविकहो, अभयाचा अर्थ मला इतका स्पष्ट कोणत्याही भाष्यात सापडला नव्हता. ज्याला भय वाटतच नाही तो अजाण. ज्याचा हात थरथरतो आणि तरीही जो दुसऱ्याचा हात सोडत नाही, तो निर्भय. देव्हाऱ्यातल्या देवांनाही त्या माउलीचा राग आला नसेल. ती त्यांचेच काम करीत होती.

दिवाळीनंतर ती नातसून पुन्हा आली. या वेळी मुलगी तिच्या कडेवर होती. मी तिला नावाची घडण, देवीमाहात्म्यातील भीमादेवी, सर्व काही सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि हसून अभिषेकासाठी देणगी पुढे केली. मी पावती पुस्तक उघडून विचारले, "नाव कोणाचे लिहू?" ती म्हणाली, "मुलीचंच लिहा काका. पाळण्यातलं नाव अभया ठेवलं आहे. घरात सगळे भिऊच म्हणतात. आजींना दोन्ही आवडली. जागा असेल तर दोन्ही लिहा." पावतीवर जागा थोडीच होती, परंतु दोन्ही नावे बसली. एकाच अर्थाची असल्याने त्यांना एकत्र बसण्यास अडचण आली नसावी.

तेव्हापासून कोणी अमृतेश्वराचा मार्ग विचारला की मी सांगतो : "मुठेच्या काठी, भिऊबाईंनी बांधलेले देऊळ." आपणही तेथे दर्शनास गेल्यावर महादेवासमोर आपले भय ठेवावे, बिल्वपत्र वाहावे, आणि निघताना त्या माउलीचे नाव एकदा तरी मोठ्याने उच्चारावे. आपल्या घरातील आजी-पणजीचे एखादे जुने, विरळा झालेले नाव असेल, तर तेही मुलाबाळांना सांगावे, त्याचा अर्थ विचारावा, आणि ते नाव धारण करणारी कशी जगली हेही विचारावे. नावाचा खरा अर्थ कोशात अर्धा असतो. उरलेला अर्धा ते धारण करणाऱ्या माणसात असतो.

अमृतेश्वर सर्वांना अभय देवो.

॥ श्री शिवार्पणमस्तु ॥

– कार्यालयीन चिटणीस, शनिवार पेठ, पुणे